चंडीमंदिरचा टोलनाका आणि उसन्या ऊर्जेवर बोलणारी चिप

चंडीगडहून सिमल्याच्या दिशेने निघाले की पंचकुला मागे पडताच चंडीमंदिर लागते. ज्या चंडीदेवीच्या देवळावरून चंडीगड शहराला नाव मिळाले, ते देऊळ इथलेच. याच चंडीमंदिरच्या टोलनाक्यावर १९ एप्रिल २०१२ रोजी तत्कालीन केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री सी. पी. जोशी यांच्या हस्ते एका नव्या पथकर-वसुली व्यवस्थेचे उद्घाटन झाले. झिरकपूर ते परवाणू या महामार्गावरील हा नाका म्हणजे संपूर्ण देशासाठी निवडलेल्या आरएफआयडी प्रमाणावर, अर्थात रेडिओ-लहरींद्वारे ओळख पटवणाऱ्या तंत्रावर, चाललेला पहिला नाका. आज ज्याला सारा देश 'फास्टॅग' म्हणून ओळखतो, त्याची ही पहिली चाचणी होती.

फास्टॅगच्या वापरकर्त्यांची संख्या आता ८ कोटींच्या पुढे गेली आहे. राष्ट्रीय महामार्गांवरील जवळजवळ सारी वसुली त्यातून होते. आता पुढचे पाऊल टाकले जात आहे ते अडथळाच काढून टाकण्याचे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातेतील चोर्यासी आणि हरियाणातील घरौंडा या दोन नाक्यांवर गाडी न थांबवता, रांगा न लावता, वेगात धावणाऱ्या वाहनांकडून पथकर घेण्याच्या व्यवस्थेचे करार झाले. घरौंडा दिल्ली–चंडीगड प्रवासाच्या वाटेवरच आहे. चंडीमंदिर ते घरौंडा हे अंतर नकाशावर फार नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात मात्र त्यामागे सुमारे ८० वर्षांची वाटचाल आहे. त्या वाटचालीचे सूत्र एकच: टॅगपर्यंत ऊर्जा किती पोहोचते आणि तो ती कशावर खर्च करतो.

कवडशाची कल्पना

गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. त्यात धातूच्या पातळ पत्र्याचा अँटेना आणि त्याला जोडलेली, मिलिमीटरहूनही लहान अशी एक सिलिकॉनची चिप, एवढेच असते. नाक्यावरील रीडर रेडिओ-लहरी सोडतो. त्या लहरींतूनच चिपला वीज मिळते, आणि त्याच लहरी कमी-अधिक प्रमाणात परावर्तित करून चिप आपला क्रमांक कळवते. उन्हात आरसा धरून समोरच्या भिंतीवर कवडसा पाडणारे मूल स्वतः प्रकाश निर्माण करत नाही. आरसा हलवून ते कवडसा हवा तेव्हा दाखवते आणि हवा तेव्हा लपवते. टॅगही नेमके हेच करतो. आपल्या अँटेनाचा विद्युत-भार तो सेकंदाला हजारो वेळा बदलतो. एका स्थितीत अँटेना लहर शोषतो, दुसऱ्या स्थितीत परत फेकतो. या उघडझापीतून शून्य आणि एक या अंकांची भाषा तयार होते.

या कल्पनेचे पहिले गाजलेले उदाहरण हेरगिरीतले आहे. ४ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतील अमेरिकी राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेचे राजचिन्ह कोरलेली एक लाकडी फळी भेट दिली. राजदूतांच्या निवासस्थानी ती ७ वर्षे भिंतीवर होती. १९५२ मध्ये शोध लागला की तिच्या पोटात लेव्ह तेरेमिन या रशियन संशोधकाने रचलेले एक उपकरण दडवले होते. त्यात ना बॅटरी होती ना तारा. बाहेरून विशिष्ट कंप्रतेची लहर सोडली की खोलीतील बोलण्याने थरथरणारा त्यातील पातळ पडदा परावर्तित लहरीत बदल घडवी, आणि बाहेर बसलेल्या माणसाला संभाषण ऐकू येई. बाहेरची लहर बंद असताना उपकरण पूर्णपणे निर्जीव असे, म्हणूनच तपासणीत ते सापडत नसे.

त्या उपकरणाची वाच्यताही झाली नव्हती, त्या काळात, ऑक्टोबर १९४८ मध्ये, हॅरी स्टॉकमन या अभियंत्याने 'परावर्तित शक्तीद्वारे संदेशवहन' या विषयावरील आपला शोधनिबंध अमेरिकेतील रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या जोडीने शत्रू-मित्र विमाने ओळखणारी यंत्रणा विकसित झाली होती. मात्र तिच्यात विमानावरचे यंत्र स्वतःच्या विजेवर उत्तर देत असे. स्टॉकमनने वेगळा प्रश्न मांडला: उत्तर देणाऱ्याकडे प्रक्षेपकच नसला तर? कल्पना पक्की होती, पण ती प्रत्यक्षात आणण्यापूर्वी बरेच मूलभूत काम बाकी आहे, हे त्यानेच नमूद केले. त्याच वर्षी ट्रान्झिस्टरची जाहीर घोषणा झाली होती. एकात्मिक मंडल जन्मण्यास आणखी १० वर्षे होती. कल्पना तयार होती, पण तिला पेलणारे साहित्य अजून जन्माला यायचे होते.

१९७० च्या दशकात ते साहित्य हळूहळू हाती आले. जानेवारी १९७३ मध्ये मारिओ कार्डुलो यांना, स्मरणशक्ती असलेल्या आणि बाहेरच्या लहरीवर चालणाऱ्या टॅगचे अमेरिकी पेटंट मिळाले. १९७५ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील आल्फ्रेड केल, स्टीव्हन डेप आणि रॉबर्ट फ्रेमन यांनी परावर्तनाच्या तंत्राने ओळख पटवण्याचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. या प्रयोगशाळेचा एक हेतू गुरांची ओळख आणि त्यांचे तापमान दुरून कळावे, हा होता. याच प्रयोगशाळेच्या कामातून पुढे ॲमटेक ही कंपनी उभी राहिली, आणि १९८९ मध्ये अमेरिकेतील डॅलसच्या टोल-रस्त्यावर तिचे टॅग धावू लागले.

मायक्रोवॅटचा हिशेब

कल्पनेपासून डॅलसपर्यंत ४० वर्षे का लागली आणि डॅलसपासून चंडीमंदिरपर्यंत आणखी २३ का, याचे उत्तर एका साध्या गणितात सापडते.

समजा रीडरच्या अँटेनातून टॅगच्या दिशेने, सर्व दिशांना सारख्या पसरणाऱ्या ४ वॅट स्रोताइतकी प्रभावी शक्ती बाहेर पडते. भारतात फास्टॅग ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, म्हणजे लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर भरते. अंतर वाढले की लहर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होते. १० मीटरवरील साध्या अँटेनाच्या वाट्याला त्या ४ वॅटमधून सुमारे ३० मायक्रोवॅट येतात, म्हणजे एका वॅटचे ३० दशलक्षांश भाग. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा याच्या ३ लाख पट शक्ती वापरतो.

अडचण इथेच संपत नाही. एवढ्या क्षीण लहरीने अँटेनात निर्माण होणारा विद्युतदाब काही दशांश व्होल्टही नसतो, आणि चिपमधील ट्रान्झिस्टर चालण्यास त्याहून जास्त दाब लागतो. म्हणून संधारित्रे आणि डायोड यांची साखळी करून दाब पायरीपायरीने चढवावा लागतो. जॉन डिक्सन यांनी १९७६ मध्ये मांडलेले असे मंडल आजही बहुतेक टॅगच्या मुळाशी आहे. या चढणीत बरीचशी ऊर्जा वाटेतच खर्ची पडते.

परतीचा प्रवास त्याहून खडतर. जाताना लहर अंतराच्या वर्गाने विरळ होते, येताना पुन्हा तितकीच. म्हणजे अंतर दुप्पट झाले की टॅगचे उत्तर १६ पटींनी क्षीण होते. त्यातही रीडर त्याच वेळी, त्याच कंप्रतेवर स्वतःची लहर सोडत असतो, आणि ती टॅगच्या उत्तराहून अब्जावधी पटींनी प्रबळ असते. ढोलताशांच्या पथकात स्वतः ढोल बडवता बडवता शेजारच्याची कुजबूज ऐकण्यासारखे हे काम आहे.

गेल्या दोन दशकांत चिपची जागे होण्यासाठीची किमान गरज कित्येक पटींनी खाली आली. सुरुवातीच्या काळात १०० मायक्रोवॅटच्या आसपास असलेली ही गरज आता १० मायक्रोवॅटच्याही खाली गेली आहे. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, त्यांचा दाब कमी होत गेला, त्याचे हे फळ. गरज १० पटींनी घटली की पोहोच १० च्या वर्गमुळाने, म्हणजे तिपटीहून थोडी अधिक वाढते. चंडीमंदिरच्या नाक्यावर गाडी सावकाश आत येत असे, तिथून आज उंच कमानीवरून धावत्या गाडीचा टॅग वाचण्याची भाषा होते, ती या वर्गमुळाच्या बळावर.

समितीने निवडले ते साधे

२०१० पूर्वी भारतात इलेक्ट्रॉनिक पथकर-वसुली नव्हती असे नाही. दिल्ली–गुडगावसारख्या मार्गांवर ती होती, पण एका रस्त्याचे यंत्र दुसऱ्या रस्त्यावर चालत नसे. प्रत्येक कंत्राटदाराची पद्धत निराळी, बॅटरीवर चालणारी उपकरणे महाग. एकसमान पद्धत ठरवण्यासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीपुढे अनेक पर्याय होते: बॅटरीवरील सूक्ष्मलहरी उपकरणे, अवरक्त किरणांवर चालणारी यंत्रे आणि बॅटरीविना चालणारा आरएफआयडी टॅग. समितीने यातला सर्वांत साधा पर्याय उचलला. १०० रुपयांच्या आसपास मिळणारा आणि देखभाल न लागणारा, आयएसओ १८०००-६सी या प्रमाणाचा टॅग तिने सुचवला.

या प्रमाणाचाही एक पूर्वेतिहास आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत ऑटो-आयडी केंद्र सुरू झाले. केव्हिन ॲश्टन, भारतीय वंशाचे संजय सरमा आणि डेव्हिड ब्रॉक यांचा तिथला विचार असा होता की टॅगवर माहिती साठवूच नये. टॅगवर फक्त एक क्रमांक ठेवावा आणि बाकी सारी माहिती संगणकाच्या जाळ्यात असावी. टॅग जितका 'अजाण', तितका तो स्वस्त, आणि तितकी त्याची ऊर्जेची भूकही कमी. या विचारातून डिसेंबर २००४ मध्ये दुसऱ्या पिढीचे प्रमाण मंजूर झाले, आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ते स्वीकारले. भारताने मार्च २००५ मध्येच ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा मर्यादित शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला होता. तो निर्णय तेव्हा फारसा कुणाच्या लक्षात आला नाही, पण त्याच्याविना चंडीमंदिरच्या नाक्यावरील एकही रीडर चालू करता आला नसता.

या प्रमाणातील एक युक्ती विशेष सांगण्यासारखी आहे. रीडरसमोर एकाच वेळी अनेक टॅग आले आणि सारेच एकदम बोलले तर काहीच कळणार नाही. वर्गात गुरुजी हजेरी घेतात ती नावे माहीत असल्यामुळे. इथे रीडरला नावे माहीतच नसतात. म्हणून तो सर्व टॅगांना सांगतो: मनात एक यादृच्छिक संख्या धरा, मी मोजत जाईन, तुमची पाळी आली की बोला. दोघांची संख्या एकच निघाली तर पुन्हा नवी फेरी. टॅग किती आहेत याचा अंदाज घेत रीडर संख्यांचा आवाका लहान-मोठा करत राहतो. १९७१ च्या सुमारास हवाई बेटांवरील संगणक रेडिओने जोडताना निघालेल्या 'अलोहा' पद्धतीचे हे नातवंड आहे. या पद्धतीने एका सेकंदात शेकडो टॅग वाचता येतात.

चंडीमंदिरनंतरचा प्रवास सर्वज्ञात आहे. २०१४ मध्ये मुंबई–अहमदाबाद पट्ट्यावर ही व्यवस्था लागू झाली. १ डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकी गाड्यांना टॅग आवश्यक झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर तो सर्वांनाच सक्तीचा झाला. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२५ पासून राज्यातील नाक्यांवरही तो अनिवार्य केला. सरकारी आकडेवारीनुसार नाक्यावरील सरासरी प्रतीक्षा २०१८-१९ मध्ये ८ मिनिटे होती. २०२०-२१ मध्ये ती ४७ सेकंदांवर आली. सुट्ट्या पैशांसाठी चाललेली हुज्जत आणि रांगेत जळणारे डिझेल यांत झालेली ही घट खरी आहे, आणि तिचे श्रेय त्या साध्या, स्वस्त टॅगच्या निवडीला जाते.

गोंदाचे नाते

साधेपणाची किंमतही असते. टॅगला एकच गोष्ट येते: योग्य कंप्रतेवर, योग्य भाषेत विचारणा झाली की आपला क्रमांक सांगणे. विचारणारा कोण आहे, हे त्याला कळत नाही. ती खात्री करण्यासाठी टॅगला गणित करावे लागेल, गणिताला ऊर्जा लागेल, आणि ऊर्जा तर मायक्रोवॅटमध्ये मोजून मिळते.

२०२२ मध्ये समाजमाध्यमांवर एक चित्रफीत फिरत होती. गाडीची काच पुसण्याच्या बहाण्याने एक मुलगा मनगटावरच्या घड्याळाने फास्टॅगमधील पैसे चोरतो, असा तिचा दावा होता. राष्ट्रीय देयक महामंडळाने तो निराधार ठरवला आणि ते योग्यच होते. घड्याळे आणि मोबाइल जवळच्या अंतरावरील १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, त्यांना ८६५ मेगाहर्ट्झचा टॅग वाचता येत नाही. शिवाय टॅगमध्ये पैसे नसतातच. त्यात क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावर रक्कम वळती करण्याची मुभा केवळ नोंदणीकृत नाक्यांना असते. सुरक्षेचा सारा भार टॅगवरून काढून बँकांच्या जाळ्यावर टाकलेला आहे.

मात्र त्याच रचनेतून एक खराखुरा कच्चा दुवा उरतो. क्रमांक टॅगचा आहे, गाडीचा नव्हे. दोहोंतील नाते गोंदाचे आहे. काचेवर न चिकटवता हातात धरून दाखवलेल्या टॅगांचा उपद्रव इतका वाढला, की जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने असे 'सुटे' टॅग काळ्या यादीत टाकण्याचे धोरण जाहीर केले. काच आणि टॅग यांचे भौतिक नातेही नाजूक आहे. टॅगचा अँटेना काचेवर चिकटलेला असेल असे गृहीत धरूनच घडवलेला असतो, कारण काचेच्या सान्निध्यात लहरीची लांबी बदलते. हवेत धरलेला टॅग बेसूर होतो. काचेवर उष्णतारोधक धातूचा मुलामा असेल तर लहर आतच येत नाही.

नाक्यावर माणूस आणि अडथळा होता तोवर हे दोष सांभाळून घेता येत. टॅग वाचला गेला नाही, तर दांडा खाली राही. अडथळा गेला की ही सोय संपते. म्हणूनच नव्या व्यवस्थेत टॅगच्या जोडीला नंबरपाटी वाचणारे कॅमेरे बसवले जातात. टॅग क्रमांक सांगतो, कॅमेरा पाटी टिपतो, आणि दोन्ही जुळले नाहीत तर गाडी संशयित ठरते. वाहनमालकाला मागाहून नोटीस जाते. मुंबईच्या अटल सेतूवर जानेवारी २०२४ पासून याच धर्तीची खुली वसुली सुरू आहे.

वेगाचे गणित इथे आड येत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. वाचनाचा पट्टा १० मीटरचा धरला तर टॅगला सेकंदाचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक काळ मिळतो. शेकडो टॅग वाचण्याची क्षमता असलेल्या रीडरला एवढा वेळ भरपूर आहे. पण या काळात ३० मायक्रोवॅटच्या हिशेबाने टॅगला मिळणारी एकूण ऊर्जा अवघी ११ मायक्रोजूल. तांदळाचा २० मिलिग्रॅमचा एक दाणा साडेपाच सेंटिमीटर उचलण्यास लागते, तेवढीच. पुढच्या काळातील आरएफआयडीने जे जे करावे अशी अपेक्षा आहे, ते सारे या दाण्याएवढ्या शिधोरीत बसवावे लागणार आहे.

शिधोरी कशावर खर्चावी

पहिला पर्याय आहे विश्वासाचा. टॅगने रीडरची ओळख पटवून घेतल्यावरच बोलावे, आणि रीडरलाही खोटा टॅग ओळखता यावा. २००४ मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी प्रमाणित कूटलेखनाची पद्धत टॅगच्या ऊर्जेत बसवता येते, हे मंडल रचून दाखवले. २०१३ मध्ये दुसऱ्या पिढीच्या प्रमाणाच्या सुधारित आवृत्तीत परस्पर-ओळखीची आणि टॅगला अनोळखी रीडरपुढे मौन पाळू देण्याची तरतूद झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने लहान उपकरणांसाठी 'ॲस्कॉन' ही हलकी कूटलेखन पद्धत निवडली. म्हणजे गणित तयार आहे, प्रमाणही तयार आहे. अडते ते काही पैशांपाशी आणि काही मायक्रोवॅटपाशी.

काटकसर चुकीच्या जागी केली तर काय होते, याचा धडा २००८ मध्ये मिळाला. मायफेअर क्लासिक या जगभर पसरलेल्या संपर्कविरहित कार्डाची गुप्त कूटपद्धत संशोधकांनी उकलली. लंडन आणि नेदरलँड्सची प्रवासी कार्डे त्यावर चालत होती. किल्ली केवळ ४८ बिटांची होती, आणि पद्धत लपवून ठेवणे हाच तिचा मुख्य आधार होता. कोट्यवधी कार्डे लोकांच्या खिशात गेल्यावर ती बदलणे हे सोपे काम नसते. ८ कोटी काचांवरच्या टॅगांना हाच न्याय लागू आहे.

दुसरा पर्याय ऊर्जेचा स्रोतच बदलण्याचा. २०१३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने दाखवले की खास रीडर नसतानाही, हवेत आधीच असलेल्या दूरचित्रवाणीच्या लहरी परावर्तित करून दोन उपकरणे एकमेकांशी बोलू शकतात. या दिशेचे काम आता मोबाइलच्या जगात शिरले आहे. मोबाइल-जाळ्यांची जागतिक मानके ठरवणाऱ्या ३जीपीपी या संघटनेने आपल्या १९ व्या आवृत्तीत बॅटरीविना चालणाऱ्या टॅगांना मोबाइल-जाळ्याशी जोडण्याचे काम हाती घेतले. ते साधले तर टॅग वाचण्यासाठी वेगळी कमान उभारण्याची गरज कमी होत जाईल. गोदामातील खोके, रुग्णालयातील औषधपेटी, शेतातील ओलावा मोजणारी पट्टी यांना जवळच्या मनोऱ्याच्या लहरीवर बोलता येईल.

तिसरा पर्याय संवेदनाचा. टॅगच्या अँटेनाची जुळणी ओलाव्याने, तापमानाने, ताणाने बदलते. काचेवर जो दोष ठरतो, तोच इथे गुण होतो. अँटेना किती बेसूर झाला यावरून पुलाच्या तुळईतील तडा किंवा लसीच्या कुपीचे तापमान ओळखण्याचे प्रयोग सुरू आहेत. लॉस अलामॉसच्या गुरांचे तापमान ५० वर्षांनी नव्या रूपात परतले आहे.

या साऱ्यात भारताचा वाटा केवळ ग्राहकाचा राहणार का, हा प्रश्नही चंडीगडच्या परिसरातच उभा राहतो. चंडीगडला लागून असलेल्या मोहालीत सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने १९८४ मध्ये ५ मायक्रॉन तंत्रावर चिपनिर्मिती सुरू केली होती. फेब्रुवारी १९८९ मधील आगीने तो कारखाना बेचिराख झाला, आणि देशाच्या चिपनिर्मितीचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले. आज तीच संस्था सेमीकंडक्टर लॅबोरेटरी या नावाने १८० नॅनोमीटर तंत्रावर काम करते. मोबाइलच्या प्रोसेसरला हे तंत्र जुने पडेल, पण आरएफआयडीच्या चिपा दीर्घकाळ याच आणि याच्या आसपासच्या तंत्रांवर बनत आल्या आहेत. जगात अशा चिपा बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या नेदरलँड्सची एनएक्सपी, अमेरिकेची इम्पिंज अशा मोजक्याच आहेत. इथे अडचण तंत्राची कमी आणि प्रमाणाची अधिक. काही रुपयांची चिप परवडते ती अब्जावधींच्या संख्येने बनली तरच. ज्या देशात कोट्यवधी टॅग सक्तीचे आहेत, त्या देशाला ती संख्या अगदीच अप्राप्य म्हणता येणार नाही.

दांडा जातो, नोंद राहते

चंडीमंदिरच्या नाक्यावर २०१२ मध्ये जे दिसत होते ते डोळ्यांपुढचे होते: गाडी आली, दांडा उठला, पैसे कापले गेले. कमानीखालून १०० च्या वेगाने जाणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही. मागे उरेल ती नोंद: कोणती गाडी, कुठे, किती वाजता. रांग संपवण्यासाठी घडवलेले यंत्र हळूहळू हालचालींची वही होऊ शकते, आणि ती वही लिहिली जात आहे हे प्रवाशाला जाणवणारही नाही.

या दृष्टीने टॅगचा 'अजाणपणा' उपकारकही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये उपग्रहाधारित पथकराची तरतूद नियमांत झाली होती. त्यात वाहनातील यंत्राला संपूर्ण वाटेतील स्थान नोंदवावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने स्पष्ट केले की देशव्यापी उपग्रह-पथकराचा निर्णय झालेला नाही, निवडक नाक्यांवर टॅग आणि कॅमेऱ्यांची विनाअडथळा व्यवस्था आणली जाईल. टॅग केवळ कमानीखाली बोलतो, दोन कमानींच्या मध्ये तो मुका असतो. कमी ऊर्जा ही येथे नकळत खासगीपणाची राखणदार ठरते. मात्र मोबाइलच्या प्रत्येक मनोऱ्याला टॅगशी बोलता येऊ लागले, तर हे मौनही संपेल. भौतिकशास्त्राने फुकट दिलेले संरक्षण तेव्हा कायद्याला आणि कूटलेखनाला पुरवावे लागेल.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. आता प्रश्न अधिक ठोस आहेत. वाचनाची नोंद किती दिवस ठेवायची, ती कुणाला मागता येईल, आणि पुढच्या पिढीच्या टॅगमध्ये 'विचारणारा कोण?' असे विचारण्याची क्षमता सक्तीची करायची की नाही. यातला शेवटचा प्रश्न अभियंत्यांचा वाटतो, पण त्याचे उत्तर निविदेच्या कागदावर लिहिले जाते. २०१० मध्ये एका समितीने स्वस्त, साधा टॅग निवडला, आणि त्या निवडीचे गुणदोष देश आजही अनुभवतो आहे. कमानींसाठीची निवड आत्ता होते आहे. टॅगच्या शिधोरीतील ते ११ मायक्रोजूल कशावर खर्च व्हावेत, हे ठरवण्याची वेळ कमानी उभ्या राहण्यापूर्वीची आहे.